नावाडी

साहेबांनी चष्मा चढवला आणि सहीसाठी पेन मागितलं.

"कुठे करायची बाई, तेवढं दाखवा."

कागद तिच्या पिशवीत होते, पेनही होतं. तिनं चेन अर्धी उघडली, आत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. कागदांत एक चूक राहून गेलीय, दुरुस्त करून पुन्हा येते, म्हणाली. साहेब म्हणाले, या सावकाश, मी कुठे पळून जातोय. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावलेले होते. पळणं सोडाच, त्यांना उठतानाही मुलीचा हात लागत होता.

जिना उतरताना तिला स्वतःचंच नवल वाटलं. घरून निघताना असं काही तिच्या मनात नव्हतं.

ती खेळण्यांच्या कंपनीत कामाला होती. कंपनी एक छोटं यंत्र बाजारात आणत होती. तळहातावर मावेल एवढी पेटी, दोन रिमोट आणि आत जुने व्हिडिओ गेम आधीच भरलेले. वायर टीव्हीला जोडायची की खेळ सुरू. कॅसेट नको, काही नको. कोणते खेळ घ्यायचे ते ठरवायचं आणि एकेक खेळून तपासायचं, हे तिचं काम. दुकानदारांना विचारलं तेव्हा जो तो एकच नाव घेत होता: 'नावाडी'. त्याचे हक्क साहेबांकडे होते. तिनं पूर्वी साहेबांकडे नोकरी केली होती हे मॅनेजरला ठाऊक होतं, म्हणून सही आणायला तिलाच पाठवलं.

नोकरी केली होती एवढंच त्याला ठाऊक होतं. 'नावाडी' तिनं काढला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. होडीतला तो ठेंगणा म्हातारा, त्याची वाकलेली पाठ, वल्ह्यानं फुटणारं पाणी, सगळं तिनं आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढलेलं. पाणी काही केल्या वाहतं वाटेना, तेव्हा रविवारी नदीवर जाऊन बसली होती. खेळ पूर्ण झाला आणि शेवटी पडद्यावर नावं वर सरकायला लागली. साहेबांचं नाव आलं. ऑफिसात कधी न फिरकलेल्या त्यांच्या मेहुण्याचं आलं. तिचं आलं नाही. तिनं विचारलं तर साहेब सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "चौकोन रंगवायला काय बाई, कुणीही बसतं."

तिनं नोकरी सोडली. पुढे जिथे अर्ज केला त्या कंपनीनं साहेबांना फोन करून चौकशी केली. माझ्या हाताखाली होती, रंग भरायची, असं उत्तर गेलं. ते काम हातचं गेलं. मग वर्षानुवर्षं ती औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं काढत राहिली. खोकल्याच्या औषधावर पान, पोटाच्या औषधावरही पान.

ऑफिसात परतल्यावर तिनं सांगितलं, साहेब सही करायला तयार नाहीत. मॅनेजर म्हणाला, मी बोलून बघतो. ती म्हणाली, नका बोलू, माणूस हट्टी आहे, उलट कोर्टकचेरी करेल. मॅनेजरला तेवढंच पुरलं. 'नावाडी'च्या जागी गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ घातला गेला. त्या संध्याकाळी तिनं घरी गोडाचं केलं. नवऱ्यानं कारण विचारलं, तर म्हणाली, सहजच.

साहेबांच्या मुलीचे फोन येत राहिले. कागद तयार झाले का? बाबा रोज विचारतात. व्यायाम करून घ्यायला येतो त्याला, शेजाऱ्यांना, पेपरवाल्याला, सगळ्यांना सांगून ठेवलंय की खेळ परत येतोय. ती म्हणायची, होईल, होईल. फोन ठेवल्यावर तिला आत गार वाटायचं, उन्हातून सावलीत आल्यासारखं.

यंत्र बाजारात आलं त्या आठवड्यात ती स्वतः एक खोका घेऊन गेली. पोस्टानंही पाठवता आला असता. पण तिला त्यांचं तोंड बघायचं होतं.

मुलीनं पेटी टीव्हीला जोडली. साहेबांनी रिमोट दोन्ही हातांत धरला आणि यादी खाली सरकवायला लागले. प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होते. मध्येच म्हणाले, आपली वर्णी शेवटी लावलेली दिसते. शेवट आला. ते पुन्हा वर गेले आणि पहिल्यापासून वाचू लागले. ती पदर सावरून नीट बसली. इतकी वर्षं जे हवं होतं, ते आता समोर होतं.

दुसऱ्यांदा शेवट आल्यावर साहेबांनी हात मांडीवर ठेवले.

"आपला नाही यात."

आपला. माझा नव्हे. तो शब्द तिला टोचला, पण आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

"मीच येऊ दिला नाही," ती म्हणाली. "तुम्ही सही देत नाही, असं मी ऑफिसात सांगितलं."

मुलगी दारात थबकली. साहेबांनी रिमोट बाजूला ठेवला.

"मनात ठेवलंत."

"ठेवलं."

"पण त्यात तुमचंही गेलं की, बाई."

"माझं नाव कुठे होतं त्यात?"

"नाव नव्हतं," साहेब म्हणाले. "बाकी सगळं तुमचंच होतं."

मुलगी पुढे आली. "बाबा, पण चित्रं तर तुम्ही काढली होती ना? आम्हाला लहानपणापासून तेच सांगत आलात."

तिला वाटलं, म्हातारा आता खोकेल, पाणी मागेल, विषय बदलेल. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"नाही," ते म्हणाले. "यांनी काढली."

मुलीनं तिच्याकडे बघितलं, मग बापाकडे, आणि आत गेली. आतून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. इथून उठून जावं, असं तिच्या मनात आलं. ज्यासाठी आली होती ते झालं होतं, आणि हाती काय लागलं ते नीट कळत नव्हतं. त्या पेटीत आता तिचा म्हातारा कधीच होडी हाकणार नव्हता. ते तिनंच केलं होतं.

साहेबांनी दुसरा रिमोट तिच्याकडे सरकवला.

"बसा. आल्याच आहात तर दुसरं काही खेळू."

तिनं गाड्यांची शर्यत लावली. साहेबांची गाडी पहिल्याच वळणावर कठड्याला धडकली. त्यांनी ती सरळ केली, ती पुन्हा धडकली. मुलगी चहाचे दोन कप ठेवून गेली, ते तसेच निवत राहिले. साहेब हरले की म्हणायचे, आणखी एक. ती मान हलवायची आणि पुन्हा सुरू करायची.

अंधार पडायला लागेपर्यंत दोघं खेळत होती. तिनं त्यांना एकदाही जिंकू दिलं नाही.