दोन्ही गोडं

तर मामाने पहिल्या ड्रममध्ये बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाला, "गोडं." मग दुसऱ्यात बुडवलं, चाटलं. "गोडं."

मी हसले यार. म्हटलं, "मामा, दोन्ही गोडं कसं असेल? एक खारं पाहिजे ना?"

तो नाही हसला.

थांबा, नीट सांगते. माझा भिवामामा माहितीये ना, वरळीच्या बीडीडी चाळीतला? दादरला फिश टँकच्या दुकानात कामाला आहे, लोकांच्या घरी जाऊन टँक साफ करतो. माटुंग्याच्या मनवा मॅडमकडे हॉलमध्ये दोन टँक. एकात गोड्या पाण्यातले एंजल, दुसऱ्यात समुद्रातले ते केशरी पट्टेवाले. मला ते बघायचे होते, म्हणून त्याला स्कूटरवर सोडलं आणि मागोमाग वर गेले. बाल्कनीत दोन निळे ड्रम, अगदी सेम. एकात साधं पाणी, एकात तो टँकचं मीठ कालवून ठेवतो. कामवालीने लादी धुताना ते सरकवले, आता कुठला कुठला कळेना. पण मामाचं सगळं जिभेवर चालतं. दुकानातले त्याला मीटरच म्हणतात.

त्याने परत चाटलं. मग ओंजळच तोंडाला लावली. आणि एकदा या ड्रमकडे, एकदा त्या ड्रमकडे बघायला लागला.

"मी बघू?"

"तू गप गं नमू."

त्याने अंदाजाने एका ड्रममध्ये पाइप टाकला आणि मोटर चालू केली.

एंजलचा टँक अर्धा रिकामा केलेला, तो भरत आला. मी काचेला नाक लावून उभी. आधी एक मासा वर आला, तोंड उघडं टाकून. मग सगळेच वर. मग एक आडवा झाला ना, हळूच, झोपेत कूस बदलतात तसा. मी पाइपाखाली बोट धरलं, चाटलं. चौपाटीचं पाणी.

"मामा, बंद कर. खारं आहे."

त्याने मोटर बंद केली, दुसऱ्या ड्रममधलं पाणी बादलीत काढलं, जाळीने एकेक मासा त्यात सोडला. निम्मे तरी गेलेच.

मी म्हटलं, "जीभ दाखव."

नको म्हणाला. मी हललेच नाही, मग दाखवली. कडेला पांढरं होतं, नळाच्या तोंडाला क्षार धरतो ना, तसं. जिथे तंबाखू धरतो, तिथेच.

"कधीपासून?"

"पावसात चहाची चव गेली. मामीला बोलू नको हां. आणि दुकानात कळलं तर मला कोण ठेवेल?"

तेवढ्यात मॅडम आल्या. "भिवा, हे असे का पडलेत?"

मी बोलणारच होते, कामवालीने ड्रम हलवले वगैरे. मामाने हातानेच थांबवलं.

"माझ्याकडून झालं, मॅडम. मला चव कळत नाही आता. दुकानात फोन करा, दुसरा माणूस मागवा."

खाली आलो. मी स्कूटर वरळीकडे वळवली.

"घरी नको," तो मागून म्हणाला. "परळला घे."

आपल्याकडे तंबाखू खाणारा परळला म्हणाला की कुठलं हॉस्पिटल, कसलं दुखणं, ते कोणी विचारत नाही. मीपण नाही विचारलं. सिग्नलला आरशात बघितलं, तर तो तोंड गच्च मिटून बसला होता, पाण्याची चूळ धरल्यासारखा.