बारा घरांची फेरमोजणी

संसदीय समितीपुढच्या सुनावणीला अकरा दिवस उरले असताना तिरेसानं डगलच्या टेबलावर कागद ठेवले. म्हणाली, "यातल्या बारा घरांचे आकडे खोटे आहेत."

विद्यापीठातली चांगली नोकरी सोडून डगलनं राजधानी वेलिंग्टनमध्ये हा चार माणसांचा संशोधन गट उभा केला होता. मजुरी, पेन्शन, भाडेकरूंची घरं, अशा प्रश्नांवर सरकारला ठणकावून सांगायचं, पण पुराव्यानिशी, हा त्याचा खाक्या. या खेपेला विषय होता भाड्याच्या घरांतली थंडी आणि पोरांची आजारपणं. जवळच्या पोरिरुआतल्या साठ घरांत थर्मामीटर बसवायचं काम तिरेसाकडे होतं. ती तिथेच वाढलेली, सामोआ बेटांवरून आलेल्या कुटुंबातली मुलगी. इथे येण्याआधी कचेऱ्यांमध्ये साफसफाई करायची.

"खोटे म्हणजे?" डगलनं चष्मा काढला.

"जुलैत, ऐन हिवाळ्यात, पहाटे एकवीस अंश? आमच्या गल्लीत? काल पेनिना आंटीकडे जाऊन आले. थर्मामीटर निजायच्या खोलीत नाहीच. स्वयंपाकघरात, ओव्हनशेजारी. बाकीच्या अकरा घरांचेही आकडे तसेच."

काल पेनिना आंटी आधी कबूलच करत नव्हती. मग हळूच म्हणाली होती, "पोरी, नातवंडं ओल्या भिंतीला टेकून झोपतात, हे मी परक्यांना लिहून देऊ? लोक म्हणतील, हिला घर सांभाळता येत नाही."

"मग ती बारा घरं गाळू," डगल म्हणाला. "अठ्ठेचाळीस पुरेत."

"सगळ्यात गार घरं तीच आहेत. तीच गाळायची?"

डगलनं कॅलेंडरकडे बोट केलं. "अकराच दिवस आहेत, तिरेसा."

"मला नऊ पुरतील."

ती पुन्हा पेनिनाकडे गेली. थर्मामीटरचं नावही काढलं नाही. लहानपणी आपण चौघं भावंडं अंगात कोट घालूनच एका गादीवर झोपायचो, धाकट्याला तीन हिवाळे दवाखान्यात काढावे लागले, एवढं सांगितलं. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आंटीनं ऐकून घेतलं, उठली, थर्मामीटर काढला आणि नातवंडांच्या पलंगाजवळ टांगला. मग डोक्यावर टोपी चढवली. "चल, उरलेल्या अकरा घरी मी येते. माझ्यासमोर कोण नाही म्हणतंय बघू."

सुनावणीत एका खासदारानं विचारलंच, "भाडेकरू वाढवूनच सांगणार. या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा?"

उत्तर डगलनं द्यायचं होतं. माईक त्यानं तिरेसाकडे सरकवला.

तिनं माईक जवळ ओढला. "साहेब, झालं उलटंच. लोकांनी थंडी लपवली. लाज वाटली म्हणून. आम्ही परत जाऊन मोजलं. त्या बारा खोल्यांत पहाटे सरासरी नऊ अंश भरले. आधीचे आकडे आणि नंतरचे, दोन्ही तुमच्यापुढच्या मसुद्यात पान चौदावर आहेत. आम्ही काहीच झाकलेलं नाही."

खासदारानं पान चौदा काढलं. वाचलं. मग ते शेजारच्या सदस्यापुढे सरकवलं. मागच्या बाकावर पेनिना आंटी ताठ बसली होती.

पुढच्या हिवाळ्याआधी नियम झाला: निजायची खोली कोरडी आणि उबदार केल्याशिवाय घर भाड्यानं देता येणार नाही.

मसुद्याचा पक्का अहवाल छापून आला. मुखपृष्ठावर पहिलं नाव तिरेसाचं होतं, डगलचं सगळ्यात शेवटी.

"पहिलं नाव तुमचं असतं ना नेहमी?" तिनं विचारलं.

"असतं. पण मी तर ती घरं गाळायला निघालो होतो," डगल म्हणाला.

संध्याकाळी तिनं एक प्रत आईपुढे ठेवली. आईला इंग्रजी फारसं वाचता येत नसे. तिनं बोट फिरवत आडनाव शोधलं, मोठ्यानं वाचलं, आणि शेजारणीला हाक मारली.