घुबडाचं खरं नाव

“सुई, ते शिवण ठेव बाजूला आणि देवळात जाऊन ये,” बंब म्हणाला. “आपल्या घुबडाचा फोटो लागलाय तिथे.”

नोरीनचा हात थांबला. वाळवंटात भरणाऱ्या या जत्रेत मैदानाच्या टोकाला दरवर्षी लाकडी देऊळ उभं करतात आणि शेवटच्या दिवशी जाळतात. तिथे फोटो लागतो तो गेलेल्या माणसाचाच.

“थट्टा करतोस माझी?”

“अगं, असली थट्टा करीन का? खाली त्याचा गॉगल टांगलाय, तो पिवळ्या कडांचा. नुसता चेहरा बघून मी ओळखलाच नसता.”

बंब रस्त्यांवर पाणी मारायची गाडी चालवायचा, म्हणून बंब. नोरीन फाटके तंबू फुकट शिवून द्यायची, म्हणून सुई. घुबड सायकलवरून चिठ्ठ्या पोचवायचा. त्याच्या डोळ्यांवर सदा गॉगल, नाकातोंडावर फडकं आणि फडक्याखालून धुळीने पांढरी झालेली दाढी. खरं नाव, गाव, नोकरी फाटकाबाहेर ठेवून यायची, हा त्यांच्या छावणीचा नियम. इथे काही विकायचं नाही, असेल ते देऊन टाकायचं. अकरा वर्षं नोरीन हे जीव लावून पाळत आली होती. रीनो शहरातल्या घरी परतली की शेजारणींना ऐकवायची, “तुम्ही नुसत्या दारावरच्या पाट्या वाचता. माणूस माणसाला ओळखतो तो तिकडे!” थोडा तोराच होता तिला त्याचा.

ती भर दुपारी उन्हातून चालत देवळात गेली. गॉगल लांबूनच दिसला. वर गुळगुळीत दाढी केलेल्या, टाय लावलेल्या म्हाताऱ्याचा फोटो. खाली लिहिलं होतं, वॉल्टर हुब्का.

नोरीनने फोटो जवळून पाहिला. या चेहऱ्यात तिला घुबड सापडेना. सापडला तो सहा नंबरच्या खाटेवरचा पेशंट.

एप्रिलमध्ये चार दिवस तो तिच्या वॉर्डात होता. घशात नळी, बोलता येत नव्हतं. तिच्याही तोंडावर मास्क. ती जवळ येऊन बोलायला लागली की तो तिचं मनगट पकडायचा आणि तीनदा बोट आपटायचा. मग नळीकडे हात न्यायचा. “मिस्टर हुब्का, हात खाली ठेवा बघू,” ती म्हणायची. नळी उपटली असती तर जीव गेला असता. शेवटी तिने त्याचे दोन्ही हात खाटेला बांधले.

धुळीचं वादळ उठलं की इथे स्वतःचा हात दिसत नाही. अशा वेळी ती आणि घुबड सायकलीच्या आडोशाला बसून राहायचे आणि तो तिच्या मनगटावर तीनदा बोट आपटायचा. मी आहे, घाबरू नकोस.

त्याने तिला आवाजावरून ओळखलं होतं. पहिल्याच दिवशी. आणि तिने? मेल्यावर त्याचं अंग पुसलं, चादर ओढली, तरी ओळखलं नाही! नोरीनला स्वतःची शिसारी आली. ती तिथेच खाली बसली.

“तुम्ही ओळखत होतात बाबांना?” बाजूला बसलेल्या तरुण बाईने विचारलं. डोळे रडून सुजलेले. “मी कॅरिन, त्यांची मुलगी. इथलं ते काहीच सांगायचे नाहीत. बाहेर बोलायचं नसतं म्हणायचे.”

“घुबड म्हणायचो आम्ही त्यांना.”

“घुबड?” ती हसली आणि लगेच तिचा चेहरा पडला. “हात बांधले होते हो त्यांचे, दवाखान्यात. मी पोचले तेव्हा मनगटांवर वळ होते. जनावराला बांधावं तसं कोण बांधतं माणसाला?”

इथे सुईला कुणी काही विचारलं नसतं. उठून धुळीत चालती झाली असती, तर ती कुठली कोण हे या पोरीला जन्मात कळलं नसतं. नोरीनला तो मोह झाला. नाही कशाला म्हणायचं?

“मी बांधले,” ती म्हणाली. “माझं नाव नोरीन बॅस्किन. त्या वॉर्डात नर्स आहे मी. ते मला खुणा करत होते. मला कळल्या नाहीत.”

कॅरिन तिच्या हातांकडे बघू लागली. मागे कुणीतरी मोठ्याने रडत होतं.

“घट्ट बांधले होते?” तिने विचारलं.

“नाही. आत दोन बोटं जातील इतकं सैल ठेवतो आम्ही. ओढून ओढून वळ उठतात.”

“दाखवा मला.” तिने हात पुढे केला.

नोरीनने गळ्यातला रुमाल काढला. नीट दुमडून तिने तो कॅरिनच्या मनगटाभोवती गुंडाळला, गाठ मारली आणि आत दोन बोटं सरकवून दाखवली.

कॅरिनने हात वळवून पाहिला, एकदा ओढून पाहिला. नोरीन गाठ सोडायला वाकली, तशी तिने मान हलवली. “राहू दे जरा,” ती म्हणाली आणि बांधलेला हात मांडीवर घेऊन फोटोकडे बघत बसली.