पुराव्याची सीट

आमच्या टेलर मास्तरांनी आयुष्यात रागाच्या भरात एकच गोष्ट कापली, ती म्हणजे शेजारच्या फोटोवाल्याच्या स्कूटरची सीट. गाडी रोज आमच्या दुकानाच्या दारातच लागायची. एक दिवस ह्यांचं डोकं फिरलं आणि कात्री हातात होतीच.

दोन वर्षं तारखा चालल्या. शेवटी शिक्षा काय, तर कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायचं. पाच वाजता न्यायाधीश उठले, हेही उठले. मला वाटलं, सुटलो. पण कसचं काय! "वरच्या कोर्टात जातो, लागलेला डाग धुऊन काढतो," म्हणाले. म्हणजे पुन्हा तारखा, पुन्हा बंद दुकान. निम्मी गिऱ्हाइकं आधीच दुसरीकडे वळली होती. आणखी दोन वर्षं अशी गेली असती, तर दुकानाला कायमचं कुलूप लागलं असतं.

मी सोबत गेले ती ह्यांच्याशी भांडायच्या तयारीनंच. वरच्या कोर्टात अर्जाच्या खिडकीशी पाहते तर आमच्या पुढे फोटोवाले भाऊजी. ते शिक्षा वाढवून मागायला आले होते. कारकूनबाईंनी दोघांचे कागद वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"एवढ्याशा शिक्षेवर अपील होत नाही. ह्यांनाही नाही, तुम्हालाही नाही."

"मग आता पुढं?" ह्यांनी विचारलं.

"पुढं काही नाही. संपलं."

"तारीखसुद्धा नाही?"

"नाही हो, काका."

हे आता चिडणार म्हणून मी पदर खोचला, तर ह्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की खिडकीतले कागद हलले. मला तर देवच पावला. भाऊजीही घाम पुसत हसत होते.

"खरं सांगू वहिनी, मीही कंटाळलो होतो. पण आधी माघार कोणी घ्यायची?"

बाहेर स्कूटर उभी होती. सीट तशीच फाटलेली, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. पुरावा म्हणून भाऊजी दोन वर्षं तिच्यावर तसेच बसत होते. ह्यांनी पिशवी सोडली आणि वाकून वितीनं चीर मोजली.

"आता हा पुरावा कुणाला दाखवायचा नाही ना?"

"कुणाला दाखवू?"

"मग चला दुकानात. शिवून देतो."

भाऊजींनी किल्ली काढली आणि घुटमळले. "पण मास्तर, गाडी लावू कुठं?"

"दारातच लावा," हे म्हणाले. "फक्त आजचा दिवस."