बिजागरीतली पाचर

मी एक जुनी लाकडी पाचर आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. कुणाच्या कामात मोडता घालायचा असला की लोक माझं नाव घेतात. पण मी अकरा वर्षं एका माणसाचे दोन्ही हात शाबूत ठेवले आहेत.

एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणारं यंत्र होतं. त्याचं तापलेलं लोखंडी झाकण वर अडकवणारी कडी पार झिजली होती. झाकण कधी खाली येईल, नेम नव्हता. ते यंत्र सांभाळणाऱ्या मेस्त्रींनी मोडक्या खुर्चीच्या पायातून मला तासून काढलं. मला बिजागरीत ठोकून मगच ते साफसफाईला हात आत घालायचे. काम झालं की मला पुसायचे आणि म्हणायचे, "तू आहेस म्हणून स्वतःच्या हातानं जेवतोय गं." मी फुलून जायचे.

तिथल्या यंत्रांच्या देखभालीचं कंत्राट मेस्त्रींच्या मालकांकडे होतं. नवी कडी बसवायची म्हटलं की ते कानाडोळा करत. शेवटी त्यांनी कंत्राटच दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं ठरवलं. घेणारी होती एक ताई, स्वतः पाना हातात धरून काम करणारी.

ती यायच्या आधी मालक मेस्त्रींना म्हणाले, "ते लाकूड खिशातच राहू द्या. दिसलं तर ती विचारणार, मग करार बोंबलला. आणि तुमच्या लेकाला माझ्याकडे चिकटवायचं, तेही."

ताईनं सगळं नीट पाहिलं. झाकणापाशी थांबून तिनं सरळ विचारलं, "मामा, हे धरतं ना? कधी पडलंबिडलं नाही ना?"

मेस्त्रींचा हात खिशात गेला. त्यांनी मला घट्ट धरलं. मला वाटलं, आता काढतील.

"अकरा वर्षांत एकदाही पडलेलं नाही," ते म्हणाले.

खोटं नव्हतं हो ते! म्हणून तर माझ्या जिवाची लाही लाही झाली. ताई हसली. "तुमच्या शब्दावर घेतेय हं, मामा," म्हणाली आणि तिनं सही केली.

चौथ्या दिवशी झाकण पडलं. ताईचा उजवा हात मनगटापासून गेला.

मेस्त्रींचा लेक ठरल्याप्रमाणे कामाला लागला. मेस्त्रींनी मला मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि ते घरी बसले. मालकांनी मला ऑफिसच्या दाराखाली सरकवलं, दार आपटायचं म्हणून.

परवा ताई आली. मालक म्हणाले, "सगळं पाहून घेतलं, अशी तुमचीच सही आहे. आम्ही काय लपवलं, दाखवा ना!" दाखवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. मी तिच्या पायाशी होते.

जाताना तिनं दार ओढलं, ते हलेना. वाकून तिनं मला डाव्या हातानं उपसलं, क्षणभर उलटसुलट पाहिलं.

"चांगली घट्ट बसते की," ती म्हणाली आणि मला बाजूला ठेवून गेली.

मित्रांनो, आपलं काम दुसऱ्याच्या हाती सोपवाल, तेव्हा त्यातली खोडही सांगा. कुणी विचारलं नाही तरी सांगा, आणि विचारलं तर पुरतं सांगा. मी आता पुन्हा त्या दाराखाली आहे. मला कशासाठी तासलं होतं, हे ताईला अजून कुणी सांगितलेलं नाही.