उजेडाची पट्टी

विनुताचा फोन रोज दुपारी दीडच्या सुमाराला बंद पडायचा. सकाळी शंभर टक्के भरलेला फोन घेऊन ती तंजावूरला पॅसेंजर धरायची, पापनाशमला उतरून शाळेत जायची, आणि डबा उघडेपर्यंत फोन मान टाकायचा. मग तिचा नवरा सुब्रह्मण्य घरून फोन लावत बसायचा आणि तो लागायचा नाही.

सुब्रह्मण्य वीज खात्यातून निवृत्त झालेला. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायला विसरलेलं माणूस त्याला खपत नसे. संध्याकाळी विनुता घरी आली की तो तिचा फोन हातात घ्यायचा आणि ब्राइटनेसची पट्टी अर्ध्यावर आणून ठेवायचा.

"एवढा उजेड ठेवलास तर बॅटरी कोठून पुरणार? फोनमध्ये सर्वांत जास्त वीज हा पडदाच खातो. किती वेळा सांगू?"

"सरि," विनुता तमिळमध्ये 'बरं' म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्याबरोबर पट्टी परत उजवीकडे टोकाला ढकलायची. वर्षभर हे असंच चाललं होतं. त्यात दोघांनाही कधी काही वावगं दिसलं नाही.

फोन तिला मुख्यतः लागायचा तो अक्कासाठी. अक्का म्हणजे तिची मोठी बहीण अखिला, बारा वर्षांनी थोरली, कोइंबतूरला मुलाकडे राहणारी. तीन वर्षांपूर्वी अक्काच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हापासून ती बोलायची ते लिहून. दोघी बहिणींना देवनागरी येत नव्हती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या ज्या मराठी गल्लीत त्या वाढल्या, तिथे मराठी जिभेवर होती आणि तमिळ हातात. म्हणून अक्का मराठीच लिहायची, पण तमिळ अक्षरांत. सकाळच्या गाडीत विनुता ते वाचत बसायची. सुनेनं रसमात चिंच किती घातली, शेजारीण दारात उभी राहून काय म्हणाली, चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या लग्नात कोण कोणावर रुसलं होतं. वाचताना तिला अक्काचा जुना, जरासा घोगरा आवाज ऐकू यायचा. उत्तर ती बोलून पाठवायची, कारण अक्काचे कान चांगले होते.

बॅटरी जुनी झाली असेल म्हणून मे महिन्यात ती दक्षिण वीथीतल्या कार्तिकच्या दुकानात गेली. कार्तिक तिशीतला, नीटनेटका माणूस. त्यानं फोन पाहिला आणि ब्राइटनेस कमी करून दिला. "टीचर, एवढं केलंत तरी संध्याकाळपर्यंत चालेल." आठ दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा त्यानं नवी बॅटरी घातली. तीही दुपारपलीकडे गेली नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं फोन उघडला नाही. स्वतःचा फोन काढला, त्याचा ब्राइटनेस पूर्ण केला आणि तिच्या फोनशेजारी काउंटरवर ठेवला.

"टीचर, ह्या दोहोंत कोणता उजळ दिसतो?"

विनुतानं मान खाली घालून पाहिलं. "दोन्ही अंधुकच. तुझाही बिघडला आहे का?"

कार्तिकनं दोन्ही फोन उचलले. "माझा परवाच घेतलेला आहे," तो म्हणाला. "मला दोन्हींकडे नीट बघवत नाही इतका उजेड आहे. टीचर, फोनला काही झालेलं नाही. तुम्ही डोळे दाखवा."

तिरुचीच्या डोळ्यांच्या इस्पितळात तिला एका पांढऱ्या घुमटासमोर बसवलं आणि हातात बटण दिलं. आत प्रकाशाचा ठिपका दिसला की दाबायचं. विनुता बसून राहिली. मधूनमधून एखादा ठिपका दिसे, ती बटण दाबे, आणि पुन्हा बराच वेळ नुसतं पांढरं. तिला वाटलं यंत्र थांबलं आहे. तिनं तसं विचारलं, तर मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, "चालू आहे, मॅडम. पुढे बघत राहा."

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर धरला. काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्यात मधे थोडी जागा उरलेली.

"कधीपासून कमी दिसतंय?"

कमी दिसतंय असं विनुताला कधी वाटलंच नव्हतं. तिला आठवत होती ती फक्त पट्टी. गेल्याच्या गेल्या दिवाळीला ती निम्म्यावर असायची. पोंगलपर्यंत जराशी पुढे गेली. गेल्या उन्हाळ्यात टोकाला पोचली, आणि त्यापुढे सरकवायला जागा नव्हती. तिनं तसंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"पट्टी पहिल्यांदा सरकवलीत तेव्हा आला असतात तर बरंच राखता आलं असतं," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळायचा प्रयत्न करू."

सुब्रह्मण्य शेजारच्या खुर्चीवर बसला होता. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर भाताची शेतं बघत राहिला. वल्लम गाव मागे पडल्यावर म्हणाला, "मी रोज कमी करत होतो."

"तुम्हाला तरी काय ठाऊक होतं," विनुता म्हणाली.

त्या दिवसापासून त्यानं उलटा नेम धरला. सकाळी तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे, पाच मिनिटं डोळे मिटून बसायला लावायचं, आणि तोवर तिच्या फोनची पट्टी टोकाला नेऊन ठेवायची. तिच्या पिशवीत त्यानं दोन पॉवर बँक घातल्या. ऑगस्टमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यातला दाब उतरला, पण नजर मात्र उतरायची थांबली नाही. असं काहींच्या बाबतीत होतं, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शाळेत तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. गणित तिला पाठ होतं, फळ्यावर हात सवयीनं चालायचा. पण तिमाहीचे गुण फोनवर भरायचे होते. तिनं नववीच्या वर्गाचे सदतीस आकडे भरले आणि ते सगळे एकेक ओळ खाली गेले. यादीतल्या पहिल्या मुलीच्या नावापुढे काहीच नाही, नापास मुलगा वर्गात पहिला. मुख्याध्यापिका भुवना मॅडमनी तिला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि रागावण्याच्या तयारीनं सुरुवात केली. मग त्यांनी विनुताला समोरची खुर्ची चाचपून बसताना पाहिलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

विनुतानं सांगितलं. भुवना मॅडमनी गुण स्वतः दुरुस्त केले. पण पुढच्या महिन्यात त्यांनाच तिला सांगावं लागलं, की वर्ग दुसऱ्या बाईंना द्यावे लागतील. विनुतानं रजा टाकली. रजा संपल्यावर काय, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही बोलून दाखवलं नाही.

आता अक्काचे निरोप एवढीच तिच्या दिवसातली वाट पाहण्याजोगी गोष्ट होती. अक्षरं तिनं इतकी मोठी करून घेतली होती की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावायचा. खिडकीशी, उन्हाकडे पाठ करून, फोन डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरून ती एकेक शब्द सरकवत जायची. फोन तापायचा, तासाभरात तीस टक्के उतरायचा. डिसेंबरात एका सकाळी ती म्हणाली, "अहो, उजेड जरा पूर्ण करा ना."

"पूर्णच आहे."

"नाही, पाहा तरी."

सुब्रह्मण्यानं फोन हातात घेतला. पट्टी टोकाला होती. त्यानं ती थोडी मागे नेली, पुन्हा टोकाला आणली आणि फोन तिच्या हातात दिला. "आता बघ."

तिनं पाहिलं. "हां, किंचित बरं," ती म्हणाली. पण थोड्या वेळानं फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीच वाचून दाखवा."

त्यानंतर तोच वाचू लागला. तोही त्याच गल्लीतला, त्याला ती मराठी नीट कळायची. पण तो मीटरचे आकडे वाचावेत तसं वाचायचा. अक्काच्या सुनेचं रसम त्याच्या तोंडून ऐकताना दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. अक्काला मात्र हे कळवलं नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून विनुता तिला सांगायची, डोळे आहेत तसेच आहेत.

पोंगलच्या आठवड्यात एका दुपारी सुब्रह्मण्य वाचत होता, "विनू, हे फक्त तुजसाठी लिहिते. सुब्रह्मण्यांनाही सांगू नकोस." तो थांबला.

"पुढे वाचा," विनुता म्हणाली.

"वाचू?"

"वाचल्याशिवाय मला कसं कळणार?"

त्यानं वाचलं. गळ्याच्या व्रणाशेजारी पुन्हा गाठ आली होती. दोन महिने झाले होते. अक्कानं प्रवीणकुमारला, आपल्या मुलाला, सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती. ती नळी, ती इस्पितळाची गादी, ते पुन्हा नको. 'मागच्या वेळी आवाज दिला. आता देण्याजोगं काही उरलं नाही. तुजला सांगितलं, कारण कोणाला तरी सांगावंसं वाटलं.'

मग सुब्रह्मण्य उठून बाहेर गेला आणि जिन्यात उभं राहून त्यानं प्रवीणकुमारला फोन लावला. विनुताला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. तिनं हाक मारून त्याला थांबवलं नाही. पुढे कित्येक दिवस तिला हेच खात राहिलं, की थांबवायला हवं होतं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं.

प्रवीणकुमारनं आईला तपासायला नेलं. ऑपरेशन करण्याजोगं राहिलेलं नाही, दुखणं कमी ठेवू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे सांगूनही काही साधलं नाही. फोन सुब्रह्मण्यानं केला होता, त्यावरून अक्काला फक्त एवढं कळलं, की आपलं लिहिलेलं विनू स्वतः वाचत नाही. सहा दिवस तिचा निरोप आला नाही. सातव्या दिवशी आला तो असा: 'येथे सर्व क्षेम. ऊन वाढलं आहे.' मग रोज तसेच. ऊन वाढलं आहे, दूध आलं, प्रवीण कामावर गेला. सुब्रह्मण्य ते वाचायचा आणि फोन खाली ठेवायचा. वाचायला अर्धं मिनिटही लागायचं नाही.

मार्चमध्ये त्यांची मुलगी हरिता चेन्नईहून आली. तिनं आईच्या फोनवर पडदा वाचून दाखवणारा आवाज चालू करून दिला. बोटानं चाचपायचं आणि ऐकायचं. "अम्मा, आता स्क्रीन पूर्ण काळी ठेवली तरी चालते," ती तमिळमध्ये म्हणाली. "बॅटरी दोन दिवस पुरेल. आणि पेरिअम्मा काय लिहिते ते मधे कोणी वाचायला नको." पेरिअम्मा म्हणजे तिची मोठी मावशी, अक्का.

विनुतानं त्याच क्षणी अक्काला बोलून पाठवलं. "अक्का, आता मीच ऐकणार आहे. मधे कोणी नाही. तू पहिल्यासारखं लिही."

तासाभरानं लांबलचक निरोप आला. विनुता फोन कानाशी धरून बसली. एका तरुण, स्वच्छ तमिळ बाईच्या आवाजात फोन बोलू लागला. अक्षरं तमिळ होती, म्हणून तो तमिळच समजून वाचत होता. तमिळमध्ये घ नाही, भ नाही, ब आणि प एकच. 'घरी' लिहिलेलं तो 'करि' म्हणत होता, म्हणजे तमिळमध्ये कोळसा. 'घरी सगळे बरे आहेत' याचं झालं 'करि सगळे परे आहेत'. एवढं तिला जुळवता आलं. पण पुढे अक्कानं मनातलं लिहिलं होतं, मोठमोठ्या वाक्यांत, आणि आवाज त्यातून न थांबता, भलत्याच जागी श्वास घेत पळत होता. विनुतानं तोच निरोप अकरा वेळा ऐकला. तिला 'अप्पा' कळलं, 'नदी' कळलं, 'भिऊ नकोस' असावं असं वाटलं. हरितानं मराठी आवाज लावून पाहिला. तो फक्त देवनागरी वाचायचा. तमिळ अक्षरं आली की गप्प राहायचा.

"मी वाचू का?" सुब्रह्मण्यानं दारातून विचारलं.

"नको," विनुता म्हणाली. "मी तिला शब्द दिला आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं अक्काला खरं काय ते सांगितलं. त्यावर उत्तर आलं ते तमिळमध्ये. सरळ, शुद्ध तमिळ, शाळेत शिकलेलं. आवाजानं ते अडखळल्याशिवाय वाचलं. काल रात्री झोप बरी लागली, गोळी बदलली आहे, तू थेंब वेळेवर घालतेस ना.

उभ्या आयुष्यात त्या दोघी एकमेकींशी तमिळ बोलल्या नव्हत्या. दुकानात, शाळेत, इस्पितळात बोलायचं ते तमिळ. आता अक्का रोज तिच्याशी त्या भाषेत लिहिते. लिहिते नीटच, पण सुनेच्या रसमाबद्दल त्यात काही येत नाही. रुसव्याफुगव्यांच्या गोष्टी येत नाहीत. अक्काला त्या तमिळमध्ये सांगता येत नसतील, किंवा दुखण्यापुढे आता तेवढी ताकद उरली नसेल. विनुता अजून मराठीतच बोलून पाठवते. कधीकधी अर्ध्यातच तिला जाणवतं, की आपणही मधेच तमिळवर गेलो आहोत.

आज दुपारी आवाज म्हणाला, "डॉक्टर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावतात. तू येऊ नकोस, प्रवास झेपायचा नाही तुला." अनोळखी तरुण बाई, प्रत्येक शब्द सारख्याच मापाचा. विनुतानं बोलून पाठवायचं बटण दाबून धरलं. मग म्हणाली, "सरि, अक्का."