ओनुफ्रीचं रान

ओनुफ्रीइतका शहाणा माणूस कॅनडातल्या सस्कॅचेवान नदीच्या उत्तरेला दुसरा नव्हता, असं ओनुफ्रीचं मत होतं. त्याच्या बायकोचं, परास्काचं, मत निराळं होतं आणि ते ती दिवसातून तीनदा जेवणाबरोबर वाढायची.

तीन वर्षांपूर्वी ते पूर्व युरोपातल्या गॅलिशियातून आले तेव्हा दक्षिणेला काळीभोर, सपाट जमीन मोकळी पडली होती. ना दगड, ना खोड. पण "इथे सरपण कुठंय?" म्हणून ओनुफ्रीने नाक मुरडलं आणि हौसेने हा तुकडा निवडला. अर्धी दलदल, बरेचसे दगडगोटे, आणि मधोमध सात एकर पॉप्लरची गच्च झाडी. कारण एकच. गावाकडे रान जहागीरदाराचं असायचं, वाळकी फांदी उचलली तरी रखवालदार पाठ सोलून काढायचा. म्हणून या गड्याला स्वतःचं रान हवं होतं. बरोबर आलेल्या निम्म्या गावाने हाच शहाणपणा केला, त्यामुळे एकमेकांना हसायची सोय उरली नव्हती. दक्षिणेकडचे जर्मन मात्र पोट धरधरून हसत.

सरकारची अट होती, तीन वर्षांत तीस एकर नांगरून दाखवायची, तरच जमीन नावावर व्हायची. तेवीस झाली होती. उरलेली सात त्या रानाखाली होती आणि ऑक्टोबरात जमीन खात्याचा साहेब येणार होता. तोवर झाली नाही तर घर, विहीर, पावाची मातीची भट्टी, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी घशात जाणार होतं. तरीही ओनुफ्री झाडाला कुऱ्हाड लावेना. दर रविवारी चर्चचा कोट घालून, हात मागे बांधून तो रानातून हिंडायचा.

"अहो, झाडं काय अंडी घालणार आहेत?" परास्का विचारायची.

"तुला नाही कळायचं. स्वतःचं रान आहे ते!"

"साहेबालाही असंच सांगा. आणि तो हाकलून देईल तेव्हा एकेक झाड काखोटीला मारून निघा."

जूनमधल्या एका दुपारी ओनुफ्री छाती काढून घरात आला. त्याच्या हातात एक जुना दोर होता.

"चोर पकडला," तो म्हणाला. "याव्दोखा! मोळी बांधून चालली होती. मोळी ठेवून घेतली, आणि दंड म्हणून दोरही."

बिटाचं सार ढवळणारा परास्काचा हात थांबला. याव्दोखा त्यांच्याच गावची म्हातारी विधवा. ती गेल्या महिन्यात आली होती आणि अजून जमिनीत खणलेल्या खोपटात राहत होती. दोर काढून घ्यायचा ही तर जहागीरदाराच्या रखवालदाराची रीत! खुद्द ओनुफ्रीच्या आईचा दोर असाच गेला होता, आणि तो हिवाळा घरातल्या पोरांनी कुडकुडत काढला होता. हा बाबा एवढा समुद्र ओलांडून आला आणि येताना नेमकं तेवढंच बरोबर घेऊन आला. परास्काला नवऱ्याची शिसारी आली.

"टोपी राहिली," ती म्हणाली.

"कसली टोपी?"

"रखवालदाराची, पिसाची. ती घाला, म्हणजे सासूबाई वरून ओळखतील तुम्हाला."

उत्तर ऐकायला ती थांबलीच नाही. त्याच्या हातातला दोर ओढून घेऊन, दोन कुऱ्हाडी काखेत मारून ती तडक म्हातारीच्या खोपटाशी गेली.

"मावशी, चला. तोडाल तेवढं लाकूड तुमचं. बुंधे उपटायला माझा बैल आहे."

"आणि तुझा नवरा गं, पोरी?"

"त्यांचं मी बघते."

म्हातारी दिसायला काटकुळी, पण तिचा हात पक्का होता. पहिलं झाड कडाडून पडलं आणि तो आवाज ऐकून ओनुफ्री धावत आला.

"कुणाला विचारून?" बोट रोखून तो ओरडला. "रान माझं आहे! माझं!"

परास्का तोंड उघडणार, इतक्यात याव्दोखाच पुढे झाली. तिच्या हातातून कुऱ्हाड गळली, गुडघे आपोआप वाकले. गावाकडे जहागीरदाराचा धरायचे तसा तिने ओनुफ्रीचा रोखलेला हात दोन्ही हातांत धरला आणि त्याचा मुका घेतला.

"चुकले, मालक," ती म्हणाली. "माफी असावी, मालक."

ओनुफ्रीने चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला आणि पायजम्याला पुसला. पुन्हा पुसला. परास्काकडे टोमण्यांना काही तोटा नव्हता, पण त्या क्षणी तिला एकही काढावासा वाटला नाही.

"उठा, मावशी," तो कसाबसा म्हणाला. "मी मिखायलोचा पोरगा. अंगाखांद्यावर खेळवलंय तुम्ही मला. उठा ना!"

म्हातारी उठेना. मान खाली घालून ती हुकमाची वाट पाहत होती.

ओनुफ्रीने तिच्याजवळ पडलेली कुऱ्हाड उचलली आणि समोरच्या झाडावर घाव घातला. मग दुसरा, मग तिसरा. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, घाव भलतीकडेच बसत होते.

"जरा खाली, मुळाशी," परास्का म्हणाली. "नाहीतर ऑक्टोबर इथेच उजाडेल."